खाते वेगळे म्हणून पगार वेगळा?

सकाळी सहा वाजता भोईवाडा नाक्यावर उभे राहावे आणि नुसते पाहावे. के. ई. एम., वाडिया, टाटा ह्या रुग्णालयांकडे पहिल्या पाळीला निघालेल्या आया आणि परिचारिका दिसतात, पालिकेच्या सफाई कामगार भगिनी दिसतात, दादरच्या हिंदू कॉलनीत चार घरची धुणीभांडी करायला निघालेल्या मावश्या दिसतात. नऊ वाजले की खांद्याला पर्स आणि हातात डबा घेतलेल्या मुली परळ स्टेशनचा जिना चढू लागतात. एके काळी ह्याच रस्त्याने भोंग्याच्या आवाजावर आपल्या आज्या गिरणीच्या फाटकाकडे धावत असत.

बाईने घराबाहेर पडावे की नाही, असला वाद घालायची चैन आपल्या समाजाला कधी परवडलीच नाही. आपली बाई शेतात होती, रस्त्याच्या खडीवर होती, गिरणीत होती. ती कामाला जात होतीच. पण कामाच्या जागी तिला कोठे उभे केले जाते आणि महिनाअखेर तिच्या हातावर काय टेकवले जाते, ह्याचा विचार आपण किती केला? चळवळीत वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसानेही तो केला नव्हता. एका मुलीने तो करायला लावला.

एका मुलीचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतल्या महिला मंडळाची बैठक संपली. सतरंज्या गुंडाळून झाल्या तरी एक मुलगी घुटमळत उभी होती. वय बावीस-तेवीस, बी.कॉम. झालेली. वडील नाहीत, आई रुग्णालयात कंत्राटी आया. मुलगी दोन वर्षांपूर्वी एका खाजगी कचेरीत लागली. तिच्याबरोबर त्याच दिवशी एक मुलगा लागला. तोही बी.कॉम.च. दोघेही दिवसभर बिले तपासतात, संगणकावर नोंदी करतात, जी.एस.टी.चे तक्ते भरतात. पण त्याच्या नेमणुकीच्या पत्रावर ‘अकाउंट्स असिस्टंट’ असे लिहिले आहे आणि तिच्या पत्रावर ‘ऑफिस असिस्टंट’. तिला ह्या कामाशिवाय फोन घ्यावे लागतात, आलेल्या पाहुण्यांसाठी चहा सांगावा लागतो. काम तिला एक वाटा जास्त, आणि मूळ पगार त्याच्यापेक्षा तीन हजारांनी कमी.

हा फरक तिला कळला तो त्या मुलाने स्वतःची पगाराची चिठ्ठी दाखवली म्हणून. त्याचे मला कौतुक वाटले. आपल्याकडे पगार सांगू नये असा एक रिवाज आहे. तो रिवाज मालकाच्या किती सोयीचा आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

“काका, साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्याचं काम वेगळं, तुझं काम वेगळं. मग मी तक्रार तरी कशाची करू?”

मला पटकन उत्तर देता आले नाही. “बघू या, विचार करून सांगतो,” एवढेच म्हणालो आणि घरी आलो. उत्तर न सुचण्याला एक कारण होते. ते पुढे सांगणार आहे.

तीन हजारांचा हिशेब

मी कारकून माणूस. मन अस्वस्थ झाले की कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतो. तसा तो त्या रात्री मांडला. महिना तीन हजार म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये. पगारवाढ जरी धरली नाही तरी दहा वर्षांत ३,६०,००० रुपये. पूर्ण मूळ पगारावर प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल तर १२ टक्क्यांनी तिचे ३६० आणि मालकाचे ३६०, असे महिना ७२० रुपये तिच्या खात्यात कमी जमा होणार. दहा वर्षांत ८६,४०० रुपये, आणि त्यावरचे व्याज वेगळे. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती शेवटच्या पगाराच्या हिशेबाने, दर वर्षामागे पंधरा दिवसांची, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. तीन हजारांच्या फरकावर दहा वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे १७,३०० रुपयांनी कमी. बाळंतपणाच्या रजेचा पगार मिळेल तोही कमी पगारावरच.

म्हणजे साहेबांनी नेमणुकीच्या पत्रावर एक शब्द बदलला, आणि ह्या मुलीच्या आयुष्यातून काही लाख रुपये गेले. कोणी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. फक्त खाते वेगळे दाखवले.

आणि ‘खाते वेगळे म्हणून पगार वेगळा’ हे वाक्य आपल्या घरांनी ह्यापूर्वीही ऐकलेले आहे.

साचा, त्रासन आणि वाइंडिंग

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. सूत कातायचे हे खाते. आपल्या समाजातले बहुतेक गिरणी कामगार तिथेच असत. चांगला पगार होता साचे खात्यात, म्हणजे विणकामात. पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातले सूत संपले की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो सहा महिने चालला. त्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. कामगारांच्या एकीची भाषा करायची आणि साच्यावर मात्र अस्पृश्याला उभे राहू द्यायचे नाही, हे चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आजोबा ही गोष्ट सांगताना नेहमी चिडत. “आमच्या हाताला साचा जमत नव्हता काय? जमवून बघितलं कुणी? दारातच उभं केलं नाही!” असे म्हणत.

माझी आजी त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. बॉबिनवरचे सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचे काम. गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रिळ ह्या दोनच खात्यांत असत. त्यांच्यावर देखरेख करणारी बाईच असे. तिला नायकीण म्हणत. मजुरी महिन्याची नव्हे, गुंडाळलेल्या सुताच्या वजनावर. सूत कच्चे आले, वारंवार तुटले, तर गाठी मारण्यात वेळ जाई आणि तो वेळ बाईच्या मजुरीतून जाई. कच्चे सूत कोणी कातले, कापूस कोणी हलका घेतला, ह्याच्याशी तिचा संबंध नसे. आजी म्हणायची, “दिवसाला माझ्या हातून किती पौंड निघतात ते मला ठाऊक. पण एका पौंडाला किती पैसे निघतात, ते वरच्यांना ठाऊक.”

१९२० च्या दशकात साच्यावरच्या विणकराला महिन्याला जे मिळे, त्याच्या निम्म्यालाही वाइंडिंगच्या बाईची मजुरी पोचत नसे. कारण विचारले तर तेच: खाते वेगळे, काम हलके. काम हलके कसे? दिवसभर उभे राहून, कापसाची किटाळे नाकातोंडात घेत, डोळ्यांत तेल घालून तुटलेले सूत पकडायचे. बोटे एवढी चपळ हवीत की गाठ मारलेली दिसूही नये. पुरुषाने केले असते तर त्याला कसब म्हटले असते. बाईने केले म्हणून ते बायकी काम झाले. रातपाळीत बायकांना काम करू द्यायला कायद्याने मनाई होती. तेव्हा आजीच्याच मशिनवर रात्री पुरुष बसत. मशिन तेच आणि सूतही तेच. रात्री मात्र त्या कामाला कोणी बायकी म्हणत नसे.

आता जे लिहितो ते लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. साच्याची गोष्ट सांगताना चिडणारे माझे आजोबा आजीच्या कामाविषयी काय म्हणत? “बायकांचं काय, बसल्या जागी सूत गुंडाळायचं!” स्वतःला लावलेले माप त्यांना खुपत होते आणि तेच माप ते घरात आजीला लावत होते. घरी आल्यावर ते बाजेवर बसत आणि आजी स्टोव्ह पेटवत असे. तिची दुसरी पाळी तिथून सुरू होई, आणि त्या पाळीला तर पौंडाचाही हिशेब नव्हता.

परळच्या चाळीत राहणारे विधिमंडळाचे सभासद

आपल्या भोईवाड्यापासून जवळच पोयबावडीची बी. आय. टी. चाळ आहे. बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत, शिक्षणासाठी परदेशी होते तो काळ वगळता, तिथल्या दोन खोल्यांत राहिले. शेजारीपाजारी सगळे गिरणी कामगार. त्याच चाळीतून निघून ते मुंबईच्या विधिमंडळात जात. २८ जुलै १९२८ रोजी तिथे कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा होती. बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले.

दोनच वर्षांपूर्वी, जुलै १९२६ मध्ये, त्यांच्या घरातून धाकटा राजरत्न गेला होता. रमाईंच्या पाच अपत्यांपैकी चार वाचली नाहीत. परळच्या चाळींत तेव्हा अशी घरे कमी नव्हती. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजवून जात, ही गोष्ट त्या काळच्या सरकारी पाहणीतही नोंदली गेली आहे. आई निर्दय होती म्हणून नव्हे. खाडा झाला तर मजुरी जाई म्हणून.

त्या भाषणातला एक मुद्दा मला कारकून म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. बाळंतपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा? बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की, आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून ह्या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे. पण मालकालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही. मालक बाईला कामावर ठेवतो तो उपकार म्हणून ठेवत नाही. पुरुषापेक्षा तिच्याकडून जास्त फायदा मिळतो म्हणूनच ठेवतो.

१९२९ मध्ये मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. अशा तऱ्हेचा देशातला तो पहिलाच कायदा. भत्ता ठरला रोजचे आठ आणे. पण सगळा बोजा मालकावर पडला, आणि मालकांनी त्यावर आपला तोडगा काढला. बाई महाग पडते, तर बाई नकोच. त्यात चीनकडे जाणारे सूत बंद पडल्यामुळे रिळ खाते आधीच आटले होते. नवी यंत्रे आली, पाळ्या वाढल्या, रातपाळीला बाई चालत नव्हती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे जवळजवळ एक बाई होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली शेवटचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा दहांमागे एकही उरली नव्हती. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांची चूल विझली. ती पुन्हा पेटवली कोणी? गिरणीतून आधीच बाहेर काढलेल्या बायकांनी. कोणी खाणावळ चालवली, कोणी पापड लाटले, कोणी दादर-माटुंग्याला धुणीभांडी धरली. आणि आपण आजही म्हणतो, “संपात आमचे वडील बेकार झाले, आई घरीच होती.”

ह्यातून धडा काय घ्यायचा? कायदा वाईट होता असा नव्हे. बोजा कोणावर पडतो ते पाहिले नाही, तर संरक्षणाचा कायदाही बाईला बाहेर काढायचे निमित्त होतो, हा धडा. कामगार राज्य विमा योजनेत बाळंतपणाचा पगार विमा निधीतून मिळतो, तो एकट्या मालकाच्या खिशातून जात नाही, म्हणून ती पद्धत शहाणपणाची. जिथे ही योजना लागू नाही तिथे २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मालकाने द्यायची आहे. रजा मिळाली हे चांगलेच झाले. पण नोकरीसाठी मुलाखतीला गेलेल्या मुलीला “लग्न कधी करणार?” असे आजही विचारतात, त्याचे मूळ इथे आहे.

एका लेडी स्टेनोग्राफरची लढाई

आपली राज्यघटना कलम ३९ मध्ये सांगते की स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन असावे. घटना लिहिण्याच्या आधीच, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांना ह्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते. महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने बायकांना खाणीच्या आत काम करण्यावरची बंदी उठवली. त्यावर मध्यवर्ती विधिमंडळात फेब्रुवारी १९४४ मध्ये टीका झाली. खाणीच्या पोटात बाई उतरावी ही काही आनंदाची गोष्ट नव्हती, आणि युद्ध संपल्यावर ती बंदी पुन्हा आली. पण बाबासाहेबांनी तेव्हा एक गोष्ट ठासून सांगितली की, तिथे बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल.

घटनेतल्या त्या कलमाला धरून कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. आणि त्या कायद्याचा कस लागला तो आपल्याच मुंबईत. मॅकिनन मॅकेन्झी ह्या जुन्या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा नावाच्या बाई स्टेनोग्राफर होत्या. कंपनीने त्यांच्यासारख्या बायकांना नाव दिले होते ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. पुरुष स्टेनोग्राफरांना त्यांच्यापेक्षा जास्त पगार. १९७७ मध्ये बाईंची नोकरी संपली आणि त्यांनी फरकाची मागणी केली. कंपनी काय म्हणाली असेल? तेच! ह्यांचे काम वेगळे, त्यांचे वेगळे. शिवाय युनियनशी तसा करार झालेला आहे. शिवाय कंपनीची परिस्थिती तंगीची आहे.

प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९८७ च्या मार्चमध्ये निकाल लागला आणि बाई जिंकल्या. कोर्टाने सांगितले त्याचा सारांश असा. काम सारखे आहे की नाही हे पाहताना बारीकसारीक फरकांचा कीस काढत बसू नये. एकूण कामाचे स्वरूप पाहावे. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. करार झाला म्हणून कायदा बाजूला सारता येत नाही. आणि सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे, त्या जागेवर फक्त बायकाच असतील, तर त्या मालकाने तिथे ठेवल्या म्हणून आहेत. आधी बायकांना एका खात्यात बसवायचे आणि मग ‘हे बायकांचे खाते’ म्हणून पगार कमी द्यायचा, हे चालणार नाही.

वाचकहो, साचे खात्याची गोष्ट आठवा. त्रासनात आपल्या माणसांना कोंडले कोणी? आणि मग ‘हे लोक त्रासनाच्याच लायकीचे’ असे म्हणाले कोण? लायकी हातात नव्हती, ती दारावर होती. जात असो की बाईपण, युक्ती तीच आहे.

१९७६ चा तो कायदा आता वेगळा राहिलेला नाही. २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावला आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता अमलात आली. पण तत्त्व कायम आहे. एकाच मालकाकडे तेच काम किंवा तशाच स्वरूपाचे काम असेल, तर स्त्री-पुरुष म्हणून पगारात भेद करता येत नाही. कामावर घेतानाही करता येत नाही.

माझी कबुली

आता मुलीच्या प्रश्नाला मला उत्तर का सुचले नाही, ते सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका कचेरीत कनिष्ठ कारकून होतो. तिथे एक ज्येष्ठ बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. ताळेबंद जुळेना की साहेबसुद्धा त्यांच्याकडे वही पाठवीत. बी.कॉम.ला मी जे शिकलो नाही ते त्यांनी मला सहा महिन्यांत शिकवले. पुढे हिशेब विभागात मुख्य कारकुनाची जागा निघाली. साहेबांनी मला आत बोलावले. म्हणाले, “मार्चमध्ये रात्री नऊ-दहापर्यंत थांबावं लागतं. मॅडमना घर आहे, मुलं आहेत. त्यांना कशाला त्रास? तुमचं नाव घालतो.”

घर मलाही होते. मुलगी मलाही झाली होती, सहा महिन्यांची. ते साहेबांना आठवले नाही आणि मीही आठवून दिले नाही. “थँक यू सर” म्हणून बाहेर आलो. त्याच आठवड्यात एका सभेत मी समतेवर भाषण केले. टाळ्याही पडल्या.

मॅडमनी माझे अभिनंदन केले. मग टेबलावरची वही बंद करता करता एवढेच म्हणाल्या, “थांबणार का म्हणून मला कुणी विचारलं तरी का?”

“जमवून बघितलं कुणी?” हे आजोबांचे वाक्य आणि हे वाक्य एकच आहे, हे मला तेव्हा कळले नाही. गेल्या महिन्यात त्या मुलीसमोर उभा असताना कळले.

मी मॅडमच्या घरी गेलो. त्या निवृत्त झाल्या आहेत. ग्रॅच्युइटी मिळाली ती खालच्या जागेच्या पगारावर. मी जे सांगायला गेलो होतो ते कसेबसे सांगितले. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, “आता मला सांगून काय व्हायचंय? त्या मुलीला काय ते सांगा.”

तर काय करायचे?

त्या मुलीला जे सांगितले, तेच इथे सर्व भगिनींसाठी आणि भावांसाठी लिहितो.

पहिली गोष्ट, एक वही घाल. महिनाभर रोज काय काम केले ते तारखेसह लिही. किती बिले, कोणते तक्ते, किती फोन. हुद्दा कागदावर असतो, काम वहीत दिसते. कोर्टही काम पाहते.

दुसरी गोष्ट, नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पगारवाढीची पत्रे ह्यांच्या प्रती घरी ठेव. मोबाइलमध्येच ठेवून भागत नाही, मोबाइल बिघडतो.

तिसरी गोष्ट, तोंडी विचारू नकोस. लेखी अर्ज दे, आणि पोच घे. शक्य तर एकटीने देऊ नकोस. युनियन असेल तर तिच्यामार्फत दे, नसेल तर दोघी-तिघींनी मिळून द्या. उत्तर आले नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, तिथे मजूर खात्याकडे तक्रार करता येते. मी बरोबर येईन.

चौथी गोष्ट भावांसाठी. शेजारच्या टेबलावरच्या बाईला आपला पगार सांगा. तिला बाजूला सारून आपल्याला बढती मिळत असेल, तर निदान एवढे विचारा, “तिला विचारलंत का?” मी विचारले नाही.

पाचवी गोष्ट घरासाठी. कचेरीत बाईला ‘घर आहे’ म्हणून मागे ठेवतात, कारण घर तिच्या एकटीवर टाकलेले असते हे साहेबालाही ठाऊक असते. ज्या घरात नवराही भाकरी टाकतो, पोराची आंघोळ उरकतो, पाणी भरतो, त्या घरातली बाई मार्चमध्ये थांबू शकते. मी भाकरी करायला शिकतो आहे. अजून गोल होत नाहीत. माझी मुलगी आता दहावी ओलांडून कॉलेजात जाते. ती त्या भाकरीला भारताचा नकाशा म्हणते.

त्या मुलीने वही घातली आहे. महिना पुरा झाल्यावर तिने अर्ज लिहिला आणि मला दाखवला. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही स्वच्छ. खाली एक सही तिची होती आणि शेजारी साक्षीदार म्हणून दुसरी सही त्या मुलाची. मी त्याला विचारले, “तुला भीती नाही वाटत?” तो म्हणाला, “वाटते. पण पगाराची चिठ्ठी मीच दाखवली होती ना, काका.”

अर्ज गेल्या सोमवारी दिला. पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. काय होते ते वाचकांना कळवीनच. तोवर आपापल्या कचेरीत, कारखान्यात, रुग्णालयात एकदा नजर टाका. कोणाला कोणत्या खात्यात बसवले आहे, आणि त्याला किंवा तिला कधी विचारले होते का?

जयभीम!